सपाट, पण कोणाच्या हिशोबाने?

घरगुती सीएनसी राउटर आणलं, जोडलं, मोटारी फिरल्या, की पहिली हौस असते ती दारावरची नावाची पाटी कोरायची. सागाची 40 सेंटिमीटर लांबीची फळी, त्यावर आडनाव आणि आडनावावर सलग शिरोरेषा. टोकदार व्ही-बिट लावायचं, फळीच्या डाव्या कोपऱ्यावर टेकवून तिथे शून्य घ्यायचं आणि बटण दाबायचं. शिरोरेषा डावीकडे सुरू होते तेव्हा झकास 3 मिलिमीटर रुंद असते. उजव्या टोकाला पोचेपर्यंत ती 2.2 वर आलेली असते. रोमन अक्षरं सुटी असतात, एक अक्षर जाड आणि पाचवं किंचित बारीक झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. देवनागरीत मात्र शिरोरेषा सगळी चहाडी करते.

गणित सोपं आहे. 90 अंशांच्या व्ही-बिटने कोरलेल्या खाचेची रुंदी तिच्या खोलीच्या दुप्पट असते. दीड मिलिमीटर खोल गेलं की 3 मिलिमीटर रुंद, 1.1 गेलं की 2.2. म्हणजे फळीच्या दोन टोकांमध्ये जेमतेम 0.4 मिलिमीटरचा उतार होता आणि डोळ्याला दिसला तो दुप्पट होऊन. 0.4 मिलिमीटर म्हणजे साध्या छपाईच्या कागदाचे चार ताव. एवढ्याने पाटी बिघडते.

म्हणून जाणती माणसं पाटीला हात लावण्याआधी यंत्राला एक विचित्र काम सांगतात. ज्यावर फळी ठेवायची तो पाट यंत्राने स्वतःच, स्वतःसाठी रंधून घ्यायचा. या पाटाला स्पॉइलबोर्ड म्हणतात. यंत्राच्या ॲल्युमिनियमच्या टेबलावर बोल्टांनी आवळलेली ही 12 किंवा 18 मिलिमीटरची एमडीएफची शीट असते आणि तिचा जन्मच खराब होण्यासाठी असतो. फळीतून आकार आरपार कापायचा तर बिटाला फळीच्या तळाच्या जरा खाली, 0.2-0.3 मिलिमीटर तरी जावंच लागतं. खाली ॲल्युमिनियम असेल तर बिट गेलं. एमडीएफ असेल तर तिच्यावर एक चरा पडतो आणि काम पुढे चालतं.

आता कारखान्यातून आलेली एमडीएफ काही खडबडीत नसते. उलट बाजारात मिळणाऱ्या लाकडी मालात तिच्याइतका एकसारख्या जाडीचा माल दुसरा नाही, कारण कारखान्यात ती दोन्ही बाजूंनी सँडिंग करूनच बाहेर पडते. मग तिला पुन्हा रंधायचं कशाला? या प्रश्नाचं खरं उत्तर मला वाटतं या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे, पण तिथे जाण्याआधी यंत्राच्या डोक्यात काय चालतं ते पाहायला हवं.

काहीही चालत नाही. यंत्र आंधळं आहे. पार्सन्स नावाच्या अमेरिकी कारखानदाराच्या कल्पनेवरून एमआयटीमध्ये 1952 साली आकड्यांवर चालणारं पहिलं मिलिंग यंत्र दाखवण्यात आलं, तेव्हा त्याचा मेंदू व्हॅक्यूम ट्यूबांनी भरलेलं कपाट होता आणि त्याला हुकूम मिळायचे ते भोकं पाडलेल्या फितीवरून. आज हौशी यंत्रांत ते काम बऱ्याचदा ग्रबल नावाची मोफत प्रणाली करते. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी ती 2009 मध्ये लिहायला घेतली आणि ती आर्डुइनो उनोच्या 32 किलोबाइटमध्ये मावते. मोबाइलवरचा एखादा मध्यम फोटोसुद्धा याहून कितीतरी मोठा असतो. कपाट गेलं, फीत गेली. हौशी यंत्राने मात्र डोळे मिळवले नाहीत, उलट मोठ्या यंत्रांकडे जे होते तेही सोडून दिले.

स्टेपर मोटार एका फेऱ्यात 200 पावलं टाकते. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे 16 तुकडे करतो, म्हणजे फेऱ्याला 3,200. मोटारीचा स्क्रू एका फेऱ्यात 8 मिलिमीटर सरकवणारा असेल तर एका मिलिमीटरला 400 पावलं झाली. ‘10 मिलिमीटर उजवीकडे जा’ याचा यंत्राच्या लेखी अर्थ एवढाच: 4,000 पावलं मोज. ती मोजून झाली की यंत्र समाधानी. आपण खरंच तिथे पोचलो का, वाटेत रूळ वर चढला का, खाली टेबल आहे की पोकळी, हे ते विचारत नाही. स्क्रीनवर झेडचा, म्हणजे उंचीचा, आकडा शून्य दिसतो तेव्हा ते मोजमाप नसतं, ती यंत्राची श्रद्धा असते. त्या श्रद्धेला पुरावा मिळतो तो फक्त लाकडावर.

तर हा पुरावा गोळा करायचा कसा? आधी बोर्डवर पेन्सिलीने उभ्या-आडव्या रेघा मारायच्या. सुबक नकोत, हिशोबाच्या वहीवर पोरांनी गिरगटावं तशा चालतील, फक्त कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळीकडे हव्यात. मग 25 मिलिमीटर व्यासाचं रुंद, सपाट तळाचं बिट लावायचं. बोर्डवरची सर्वांत उंच वाटणारी जागा शोधून तिथे शून्य घ्यायचं आणि 0.3 मिलिमीटर खोलीवर सबंध बोर्डवर नांगरासारखे फेरे मारायला सांगायचं. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्म्याने चढलेला, म्हणजे बाजूला सरकायचं ते 12 मिलिमीटर. 60 बाय 60 सेंटिमीटरच्या बोर्डला 50 फेरे लागतात, म्हणजे एकूण 30 मीटर प्रवास. मिनिटाला 2 मीटर हा वेग धरला तर पाव तासाचं काम.

मास्क मात्र हवाच, साधा कापडी नाही, एन-95. त्या एका पासात 108 घनसेंटिमीटरपर्यंत एमडीएफ उडते, वजनाने साधारण 75 ग्रॅम, आणि ती भुशासारखी खाली पडत नाही, पिठासारखी हवेत राहते. लाकडाची धूळ आणि एमडीएफ चिकटवणाऱ्या रेझिनमधलं फॉर्मल्डिहाइड, दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे खात्रीने कर्करोगकारक या यादीत टाकलेली आहेत. व्हॅक्यूमची नळी बिटाच्या शेजारी हवी, खोलीच्या दारात नव्हे.

पाव तासाने व्हॅक्यूम बंद करून बघावं. डावीकडचा वरचा कोपरा कोरा करकरीत, पेन्सिलीचा मागमूस नाही. मधे एक लांबट बेट उरलंय, त्यावर सगळ्या रेघा जशाच्या तशा. उजव्या कडेला रेघा अर्धवट पुसलेल्या, म्हणजे तिथे बिट नुसतं चाटून गेलं. हा नकाशा आहे. नेहमीच्या नकाशात समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतात, यात बिटाच्या वाटेपासूनची. जिथे पेन्सिल शाबूत आहे तिथे बोर्ड खोल आहे, बिटाला ती जमीन लागलीच नाही. पुन्हा 0.3 खाली घ्यायचं, पुन्हा फेरे. दुसऱ्या पासात बेट आक्रसतं, तिसऱ्यात बहुधा नाहीसं होतं. शेवटची रेघ पुसली की तिथे थांबायचं. त्याहून एक पास जास्त मारला तर सपाटपणा वाढत नाही, फक्त बोर्ड पातळ होतो.

आणि आता तो प्रश्न. बोर्ड सपाट झाला म्हणजे नेमका काय झाला?

समजा, स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारी मोटार, ज्या आडव्या तुळईवर, म्हणजे गॅन्ट्रीवर लटकलंय, ती तुळई मधोमध थोडी झुकते. झुकतेच. टेकूंमधलं अंतर दुप्पट केलं की त्याच वजनाखाली तुळई आठपट वाकते, कारण झोळ अंतराच्या घनात वाढतो. म्हणून मोठ्या टेबलाचं स्वस्त यंत्र घेताना दोनदा विचार करावा, हे माझं जाता जाता सांगणं. तर स्पिंडल मध्यावर आलं की समजा 0.1 मिलिमीटर खाली जातं. यंत्राला याची खबर नाही, त्याच्या लेखी झेड तोच आहे. बिट मात्र मध्यावर 0.1 जास्त खोल कापतं. रंधून झालेल्या बोर्डला अगदी उथळ थाळीसारखा बाक येतो. त्यावर अस्सल सरळ पट्टी ठेवली तर मधून उजेड दिसेल.

आणि तरीही काम चोख होईल. तीन मिलिमीटरचं प्लायवूड या बोर्डवर दाबून बसवलं की तेही तोच बाक घेतं. वरून कोरणारं बिट मध्यावर 0.1 खाली येतं, प्लायवूडही तिथे 0.1 खालीच बसलेलं असतं. खोली सगळीकडे सारखी. यंत्राने बोर्ड सपाट केलेला नाही. त्याने स्वतःच्या सगळ्या खोडी बोर्डवर उतरवून ठेवल्या, आणि दोन वाकड्या गोष्टी एकसारख्या वाकड्या झाल्या की वाकडेपणा हिशोबातून वजा होतो. कारखान्यातून आलेली एमडीएफ जगाच्या मापाने जास्त सपाट होती, पण या यंत्राच्या कामाची नव्हती. रंधलेली एमडीएफ जगाच्या मापाने जरा वाईट आहे आणि या यंत्रासाठी अचूक आहे. दुसऱ्या यंत्रावर नेऊन ठेवली तर तिची किंमत शून्य. त्याच यंत्रावर बोल्ट काढून उलट दिशेने बसवली तरी गेली.

या जादूला एक अट आहे आणि हौशी मंडळी ती विसरतात. फळीने बोर्डचा बाक घ्यायला हवा. पातळ प्लाय घेतं, ॲक्रिलिक घेतं. चार सेंटिमीटर जाडीची सागाची लादी घेत नाही, ती थाळीच्या कडांवर टेकून मधे अधांतरी राहते. जाड लाकडात कोरताना यंत्राचा बाक लाकडात उतरतोच, मग बोर्ड कितीही मनापासून रंधलेला असो.

बाकापेक्षाही मला थक्क करतो तो पीळ. गॅन्ट्री ज्या दोन रुळांवर पुढेमागे धावते ते दोन्ही रूळ अगदी सरळ आहेत असं धरू, गॅन्ट्रीही सरळ. फक्त जोडताना एका रुळाचं मागचं टोक 1 मिलिमीटर वर राहिलं. अशा यंत्राने बोर्ड रंधला की तो कसा होईल? स्टीलची पट्टी आडवी ठेवून पाहा, कुठेही ठेवा: सरळ, उजेडाची फट नाही. उभी ठेवून पाहा: सरळ. कुणीही म्हणेल, झालं, बोर्ड सपाट. आता तीच पट्टी कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी ठेवा. एका कर्णावर पट्टीखाली बरोबर मध्यभागी पाव मिलिमीटरची फट दिसते. दुसऱ्या कर्णावर पट्टी मधल्या फुगवट्यावर डुलते, आणि तो फुगवटाही पाव मिलिमीटरचाच.

ही हातचलाखी नाही, भूमितीतला हायपरबोलिक पॅराबोलॉइड नावाचा पृष्ठभाग आहे. तो निव्वळ सरळ रेषांनी विणलेला असतो, प्रत्येक बिंदूतून दोन सरळ रेषा जातात, आणि सबंध पृष्ठभाग मात्र खोगिरासारखा वाकलेला. गेल्या शतकात काँक्रीटच्या पातळ छपरांसाठी वास्तुविशारदांना तो फार आवडला, कारण वक्र छप्पर सरळ फळ्यांच्या साच्यावर ओतता येतं. आपल्या टेबलावर तो कुणाला न विचारता, एका ढिल्या बोल्टामुळे हजर होतो. सुतार हे पिढ्यान्‌पिढ्या ओळखून आहेत. फळीच्या दोन टोकांना दोन सरळ काठ्या आडव्या ठेवायच्या, खाली वाकून एक डोळा मिटायचा आणि पुढच्या काठीची कड मागच्या काठीशी जुळते का पाहायचं. जुळली नाही तर फळीला पीळ आहे. एवढी साधी तपासणी डिजिटल यंत्राच्या मालकाला सुचत नाही, कारण स्क्रीनवर तीन दशांश स्थळांपर्यंत आकडे दिसत असतात.

मग खरं सपाट असतं कुठे? प्रत्येक यंत्र आपल्यासारखंच पुढचं घडवत असेल, तर जगातली पहिली सपाट वस्तू कुणाच्या मापाने घडली?

याचं उत्तर देताना कोणतंही माप लागत नाही, हेच त्यातलं आश्चर्य. जोसेफ व्हिटवर्थ हा इंग्रज कारागीर लंडनमध्ये हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यात काम करून तयार झाला. 1840 मध्ये ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशनपुढे त्याने खऱ्या समतलांवर निबंध वाचला. पद्धत अशी: लोखंडाच्या तीन प्लेटी घ्या. पहिलीला रंग फासून दुसरीवर टेकवा. जिथे रंग लागेल ते उंचवटे, ते स्क्रेपरने खरवडून काढा. असं करत दोघी एकमेकींवर चपखल बसतील. पण चपखल बसणं म्हणजे सपाट असणं नव्हे, एक घुमट आणि दुसरी वाटी असली तरी त्या बसतात. म्हणून तिसरी प्लेट पहिलीशी जुळवा. पहिली घुमट असेल तर तिसरीही वाटीच होईल. आता दुसरी आणि तिसरी समोरासमोर आणा. दोन वाट्या, तोंडाला तोंड: फक्त कडा टेकतील, रंग कडांनाच लागेल, गुपित उघडं. दोघींतून निम्मी निम्मी चूक काढा आणि चक्र पुन्हा फिरवा. तिघींपैकी कोणत्याही दोघी जुळायच्या तर एकच आकार शक्य उरतो.

जवळजवळ एकच. कारण आपला तो पीळ इथेही लपून बसू शकतो. सारख्याच दिशेने पिळलेल्या दोन प्लेटी समोरासमोर आणल्या की त्या बिनबोभाट जुळतात, तीन असल्या तरी. म्हणून जुळवणी करताना एक प्लेट मधूनमधून काटकोनात फिरवावी लागते. फिरवली की खोगिराचा उंच भाग उंच भागासमोर येतो आणि पीळ उघडा पडतो.

निळा रंग आणि स्क्रेपर घेऊन टूलरूममध्ये काम केलेल्यांना यात नवं काही वाटणार नाही. हौशी राउटरच्या मालकाला मात्र यातून एक फुकटची युक्ती मिळते. यंत्राच्या रुंदीइतक्या लांब, जाड एमडीएफच्या दोन पट्ट्या, कुठेही न वाकवता टेबलावर बसवून, एकाच जागी एकामागून एक रंधायच्या. मग सोडवून एकीचं रंधलेलं तोंड दुसरीच्या तोंडाला लावायचं. गॅन्ट्रीला झोळ असेल तर दोन्ही पट्ट्यांच्या मधे फट दिसते आणि ती झोळाच्या बरोबर दुप्पट असते. आंधळ्या यंत्राची चूक त्याच्याच दोन नकलांकडून वदवून घ्यायची. महागडी सरळ पट्टी विकत आणायची गरज नाही.

आतापर्यंत बिट सरळ उभं आहे असं आपण गृहीत धरलं. ते नसतं. स्पिंडल ज्या ब्रॅकेटमध्ये आवळलेलं असतं ते केसभर कललेलं असतंच आणि हा कल बोर्डवर सही करून जातो. 0.2 अंश कल घेऊ. डोळ्याला तो दिसण्याची सोयच नाही. बिट बाजूच्या दिशेला, म्हणजे फेरे ज्या दिशेने सरकतात त्या दिशेला कललेलं असेल तर प्रत्येक फेऱ्याची एक कड खोल आणि दुसरी उथळ राहते. 12 मिलिमीटर सरकलं की शेजारच्या फेऱ्याशी 0.04 मिलिमीटरची पायरी तयार होते, साधारण अर्ध्या केसाइतकी. बोर्डवर करवतीच्या दात्यांसारखी रांग उमटते.

तोच 0.2 अंशांचा कल बिटाच्या चालीच्या दिशेला, म्हणजे पुढे किंवा मागे असेल तर? मग बिटाची पुढची किंवा मागची कड जास्त खोल जाते आणि प्रत्येक फेरा एक अतिशय उथळ पन्हळ कोरतो. दोन पन्हळींच्या मधे उरणारा उंचवटा मोजला तर तो 0.005 मिलिमीटरच्या आसपास भरतो. कल तेवढाच, बिट तेच, दिशा बदलली आणि चूक आठपट कमी झाली. त्यामुळे एखाद्याचा बोर्ड आडव्या फेऱ्यांत गुळगुळीत होतो आणि उभ्या फेऱ्यांत खरबरीत, आणि तो बिटाला दोष देत बसतो. खरं तर बोर्डने त्याला कल कोणत्या अंगाला आहे हे साफ सांगितलेलं असतं.

हे सगळं वाचायला उपकरण लागत नाही, बोट पुरतं. स्टॉकहोमच्या संशोधकांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, डोळे बांधलेल्या लोकांना बोट फिरवून 13 नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या असलेला पृष्ठभाग आणि कोरा पृष्ठभाग यांतला फरक कळला. 0.04 मिलिमीटरची पायरी म्हणजे 40,000 नॅनोमीटर. बोट सरकतं राहिलं पाहिजे एवढंच, नुसतं टेकवून हे कळत नाही. फेऱ्यांना आडवं बोट ओढलं की पायरी चढताना एक आणि उतरताना दुसरी अशी वेगवेगळी लागते, त्यावरून कल डावीकडे की उजवीकडे तेही समजतं.

कल काढायचा उपाय गावठी आहे आणि उत्तम आहे. बिट पकडणाऱ्या कोलेटमध्ये एक आडवा दांडा पकडायचा, त्याच्या टोकाला डायल गेज बांधायचा आणि स्पिंडल हाताने गोल फिरवायचं. दांडा 10 सेंटिमीटरचा असेल तर गेज 20 सेंटिमीटरच्या वर्तुळात फिरतो आणि तोच 0.2 अंशांचा कल आता 0.7 मिलिमीटर होऊन डायलवर दिसतो. मग ब्रॅकेटच्या एका बोल्टाखाली पातळ शिम सरकवायची. शीतपेयाच्या रिकाम्या कॅनचा कापलेला तुकडा साधारण 0.1 मिलिमीटरचा असतो. ब्रॅकेटचे बोल्ट एकमेकांपासून 6-7 सेंटिमीटरवर असतील तर असा एक तुकडा जवळजवळ 0.1 अंश फिरवतो. अब्जावधी पावलं मोजणाऱ्या यंत्राची शेवटची दुरुस्ती थंडाच्या डब्याने होते, यात मला तरी काही कमीपणा वाटत नाही.

एमडीएफबद्दलही थोडं. ती एकजिनसी दिसते, पण नाही. कारखान्यात तापलेल्या प्रेसखाली वरचे थर जास्त दाबले जातात आणि दोन्ही तोंडांना घट्ट कातडी तयार होते. आतला गाभा त्या मानाने सैल. रंधताना आपण एका बाजूची कातडी सोलतो. उघडा पडलेला गाभा हवेतली वाफ झपाट्याने पितो, खालची कातडी तेवढी पीत नाही, आणि बोर्ड वर फुगायला बघतो. पुण्यात एप्रिलमध्ये रंधलेला बोर्ड जुलैत तसाच असेल ही आशा सोडावी. कोकणात तर बोलायलाच नको. गणपतीच्या मखरांची कामं नेमकी श्रावणात येतात, तेव्हा ऐन पावसाळ्यात बोर्ड पुन्हा एकदा हलक्या हाताने रंधलेला बरा. कडांना मात्र आधीच सीलर किंवा पातळ केलेला फेव्हिकॉल पाजून ठेवावा, एमडीएफ सर्वांत जास्त पाणी पिते ती कडांतून.

पण हाच सैल गाभा फर्निचरच्या मोठ्या कारखान्यांत एक अफलातून काम करतो. तिथे एमडीएफची दोन्ही तोंडं सोलतात, कडा सील करतात आणि बोर्डखालून पंपाने हवा ओढतात. भरीव दिसणाऱ्या त्या शीटमधून हवा आरपार वाहते आणि वर ठेवलेलं प्लाय बोर्डला चिकटून बसतं. भोकं नाहीत, क्लॅम्प नाहीत. प्लायच्या खालच्या आणि वरच्या दाबात निम्म्या वातावरणाचा फरक पडला तर 30 बाय 30 सेंटिमीटरच्या तुकड्यावर साडेचारशे किलो वजन ठेवल्यासारखा दाब येतो. म्हणजे तिथे बोर्ड रंधण्याचं कारण सपाटपणा एवढंच नसतं, त्याला श्वास घेता यावा हेही असतं.

रंधत रंधत बोर्ड पातळ होत जातो. 18 मिलिमीटरची शीट वर्षानुवर्षं पुरते, पण खरी मर्यादा जाडीची नसते, बोल्टांची असते. बोल्टांची डोकी बोर्डच्या आत किती खोल बुडवली आहेत ते पहिल्या दिवशी बोर्डवरच लिहून ठेवावं, कडेला, जिथे बिट जात नाही. कार्बाइडचं रुंद बिट मिनिटाला 12-15 हजार फेऱ्यांनी स्टीलच्या डोक्यावर आदळलं की पुढचं सांगायला नको.

एका कामात मात्र हा सगळा खटाटोप कमी पडतो. घरी सर्किट बोर्ड कोरणारे लोक तांब्याच्या 35 मायक्रॉनच्या थरातून रेघा काढतात. तिथे 0.05 मिलिमीटरची चूकही चालत नाही आणि तांब्याची शीट स्वतःच वाकलेली असते, खालचा पाट कितीही रंधा. म्हणून ते उलटा रस्ता धरतात. एक तार बिटाला, एक तांब्याला जोडायची. बिट हळूहळू खाली येतं, तांब्याला टेकतं, सर्किट पूर्ण होतं आणि यंत्र त्या क्षणी पावलं मोजणं थांबवून आकडा लिहून घेतं. सेंटिमीटरभर पुढे जाऊन पुन्हा. अशी सगळी शीट चाचपून झाली की सॉफ्टवेअर तिचा उंचसखल नकाशा बनवतं आणि कोरण्याची प्रत्येक रेघ त्या नकाशाप्रमाणे वाकवतं. इथे बोर्ड यंत्रासारखा होत नाही, यंत्रच शीटसारखं वर-खाली होत चालतं. लाकडावर ही युक्ती सरळ चालत नाही, कारण लाकडातून वीज वाहत नाही. तिथे वेगळा टचप्रोब लागतो, आणि आरपार कापायचं असेल तर खाली रंधलेला बोर्ड लागतोच. दोन्ही कामं करणारे म्हणून दोन बोर्ड बाळगतात: एक यंत्राला कायमचा आवळलेला, दुसरा सर्किटपुरता वर ठेवायचा छोटा तुकडा, जो रंधलेला नसला तरी चालतं.